बार्शी रोडची कुर्डुवाडी
अडीच फुटी रुळांवर वसलेल्या गावाची गोष्ट

पुण्याहून सोलापूरकडे निघालेली गाडी भिगवण मागे टाकते, भीमा ओलांडते आणि मग बराच वेळ तिला मोठी नदी म्हणून लागत नाही. जेऊर जातं, कुंकवाचं केम जातं. दोन्ही अंगाला ज्वारीची रानं, मधेच कुठे उसाचा हिरवा पट्टा, बाकी माळ. सीना लागते ती थेट मोहोळच्या पुढे. भीमा आणि सीना या दोन नद्यांच्या मधल्या उंचवट्यावरून हा रेल्वेमार्ग चालतो आणि त्याच उंचवट्यावर बसलं आहे कुर्डुवाडी जंक्शन. नदी नाही, किल्ला नाही, मोठं देवस्थान नाही. मग इथं गाव का झालं? तर रेल्वे झाली म्हणून.

नावातच सारं आलं. कुर्डू हे मूळ गाव आजही जवळच आहे. त्याची ही वाडी. तालुक्याचं ठाणं माढा, आणि माढ्यालाही स्टेशन आहे. तरीसुद्धा प्रांत कचेरी कुर्डुवाडीत, पंचायत समिती कुर्डुवाडीत आणि बाजारही कुर्डुवाडीचाच मोठा. वाडी वाढत गेली आणि तालुका मागे राहिला, असं उदाहरण आपल्या जिल्ह्यात दुसरं चटकन सापडायचं नाही.

गाड्यांचा रस्ता, मग गाडी

जी.आय.पी. रेल्वेचे रूळ 1859 साली इथवर आले आणि पुढच्याच वर्षी, 1860 मध्ये, सोलापूरला पोचले. त्या वेळी बार्शी ही कापसाची भरभराटीची पेठ होती. पण रूळ बार्शीवरून गेले नाहीत. ते गेले बार्शीच्या पश्चिमेला एकवीस मैलांवरून. म्हणून तिथल्या स्टेशनाला नाव दिलं 'बार्शी रोड'. म्हणजे बार्शीला जायचंय ना, मग इथं उतरा आणि रस्ता धरा! पुढची जवळजवळ अडतीस वर्षे बार्शीचा कापूस बैलगाडीतून इथपर्यंत यायचा. पावसाळ्यात काळ्या रानातल्या वाटेची काय गत होते, हे इकडच्या शेतकऱ्याला सांगायला नको.

हा खोळंबा ओळखला एव्हरार्ड काल्थ्रॉप या इंग्रज अभियंत्याने. हा गृहस्थ जी.आय.पी.मध्ये इंजिनांच्या खात्यात नोकरीला होता. मोठ्या रेल्वेला माल आणून देणाऱ्या छोट्या, स्वस्त गाड्या आडमुलखात घालाव्यात, हा त्याचा ध्यास. त्याच्या खटपटीतून 1895 साली लंडनला 'बार्शी लाइट रेल्वे' कंपनी उभी राहिली आणि 1897 साली बार्शी रोड ते बार्शी अशी गाडी धावू लागली. मोठ्या रेल्वेच्या रुळांत साडेपाच फुटांचं अंतर; हिच्या रुळांत फक्त अडीच फूट.

रूळ अरुंद होते, पण काम कच्चं नव्हतं. काल्थ्रॉपचं म्हणणं साधं होतं. इंजिन असो वा डबा, प्रत्येक आसावर सारखाच भार येऊ द्यायचा, पाच टनांचा. मग यार्डाला तीस पौंड वजनाचे हलके रूळही पुरतात आणि त्यांवरून भरपूर माल नेता येतो. बैलगाडीत सगळं ओझं एकाच बाजूला रचलं तर आख मोडतो, तोच हिशेब. इथं यश आल्यावर हाच गृहस्थ इंग्लंडात 1904 साली सुरू झालेल्या लीक आणि मॅनिफोल्ड या छोट्या रेल्वेचा अभियंता झाला. म्हणजे छोट्या गाडीचा धडा आधी बार्शीच्या माळावर गिरवला गेला आणि मग विलायतेला गेला.

चहूकडे फुटलेले फाटे

गाडी बार्शीपुरती राहिली नाही. 1906 साली ती दक्षिणेला पंढरपूरला पोचली. पूर्वेला 1911 साली लातूर गाठलं. लातूर तेव्हा निजामाच्या राज्यात होतं. 1927 साली पंढरपूरच्या पुढे सांगोल्यावरून ती मिरजेला, म्हणजे संस्थानी मुलखात, पोचली. काल्थ्रॉप वारला तोही त्याच वर्षी. लातूर ते मिरज असा दोनशे दोन मैलांचा हा मार्ग आणि त्याच्या मधोमध कुर्डुवाडी. सरकी, गाठी, शेंगा, धान्य, वारकरी, व्यापारी, माहेरवाशिणी, सगळ्यांना इथं उतरावं लागायचं.

'उतरावं लागायचं' हे नीट ध्यानात घ्या, कारण गावाचं पोट त्यावर होतं. अडीच फुटी गाडीचा डबा साडेपाच फुटी रुळांवर जात नाही. त्यामुळे छोट्या गाडीतलं प्रत्येक पोतं खाली उतरवायचं आणि मोठ्या गाडीत चढवायचं. ते हमालाच्या पाठीवरून. प्रवाशाचंही तेच. एक गाडी गेली की दुसरीची वाट बघत फलाटावर वळकटी सोडायची. त्याला चहा लागणार, भाकरी लागणार, रात्रीचा आसरा लागणार. हमाल, टांगेवाले, खानावळी, फळवाल्या बाया, अडते असं सारं गाव त्या थांबण्यावर उभं राहिलं. व्यापाऱ्याच्या दृष्टीने जो खोळंबा, ती कुर्डुवाडीची रोजी होती.

दुसरा आधार वर्कशॉपचा. छोट्या गाडीची इंजिनं आणि डबे दुरुस्त करण्याचा कारखाना इथं आला आणि फिटर, लोहार, सुतार, खलाशी अशा कारागिरांची वस्ती वाढली. खेड्यातला पोरगा रेल्वेत लागला की महिन्याच्या महिन्याला बांधील पगार, क्वार्टर आणि पास. कोरडवाहू रानावर अवलंबून असलेल्या घराला दुष्काळात याच पगाराचा टेकू असे. 1 जानेवारी 1954 रोजी सरकारने बार्शी लाइट ताब्यात घेतली, कंपनीची माणसं सरकारी झाली. गाडीचं नाव मात्र लोकांच्या तोंडी 'बार्शी लाईट'च राहिलं.

रूळ रुंद झाले

अडीच फुटी गाडी सावकाश चालायची. एस.टी. आणि ट्रक वाढले तशी ती मागे पडत गेली. रुंदीकरणाची मागणी लातूर, बार्शी, पंढरपूर सगळीकडून होती आणि ती रास्तच होती. नव्या शतकाच्या सुरुवातीला कुर्डुवाडी-पंढरपूर मार्ग रुंद झाला. 2007 साली लातूरकडून उस्मानाबादपर्यंत, म्हणजे आताच्या धाराशिवपर्यंत, मोठी गाडी आली आणि 2008 साली ती कुर्डुवाडीला जोडली गेली. जुनी गाडी उस्मानाबाद शहराला टाळून येडशीवरून जायची. नवा मार्ग वळवून शहराजवळून नेला. 2011 पर्यंत पंढरपूर-मिरजही रुंद झाला. शंभरावर वर्षं चाललेली छोटी गाडी संपली.

तिच्याबरोबर पोतं उतरवायचं कामही संपलं. आता वाघिणी कुर्डुवाडीत न उघडता पुढे जातात. गाडी बदलणं कमी झालं तसा फलाटावरचा धंदा आटला. वर्कशॉपचं तर मूळ कामच गेलं. नेरळ-माथेरानच्या छोट्या गाडीचे डबे इथं दुरुस्तीला यायचे, इतकी इथल्या हातांची ख्याती. पण तेवढ्यावर कारखान्याचं पोट भरत नाही. मोठ्या रुळांवरच्या वाघिणींचं काम इथं यावं यासाठी कामगारांना मागणी लावून धरावी लागली. इकडे जुन्या मार्गाच्या दुसऱ्या टोकाला, लातूरला, डब्यांचा नवा कारखाना उभा राहिला आणि 2020 च्या डिसेंबरात तिथं पहिला सांगाडा तयार झाला. शंभर वर्षं डबे हाताळणाऱ्या गावाला ही गोष्ट लागली तर त्यात नवल नाही.

पण 2016 आठवा

तरी एका बाजूनेच बोलणं बरं नव्हे. 2016 च्या उन्हाळ्यात लातूर तहानेने व्याकूळ झालं. तेव्हा मिरजेहून पाण्याची रेल्वे निघाली. 12 एप्रिलला पहिली गाडी लातूरला पोचली, दहा वाघिणी आणि सुमारे पाच लाख लिटर पाणी. ती आली कोणत्या वाटेने? मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर. म्हणजे अगदी बार्शी लाइटच्याच वाटेने. जुनी छोटी गाडी असती तर एवढं पाणी एवढ्या झपाट्याने नेणं अवघड होतं. रुंद रुळांनी कुर्डुवाडीची रोजी नेली, पण त्याच रुळांनी लातूरच्या घागरी भरल्या. दोन्ही खरं आहे.

आता गावासमोर प्रश्न आहे तो पुढच्या पिढीचा. उजनीचं पाणी तालुक्यात आलं, ऊस आला, साखर कारखाने झाले. पुणे-सोलापूर मार्ग दुहेरी आणि विजेचा झाला. चार बाजूंनी रेल्वे जोडलेलं गाव ग्रामीण भागात सहसा मिळत नाही. शेतमाल चढवायची चांगली सोय, शीतगृह आणि वर्कशॉपला पुरेसं काम एवढं मिळालं, तर इथल्या पोरांना पुण्याची गाडी फक्त पाहुण्यांकडे जायला धरावी लागेल.

आणि एक काम गावानेच करण्याजोगं आहे. बार्शी लाइटवर नोकरी केलेली माणसं अजून आहेत. त्यांची हत्यारं, बिल्ले, कंदील, फोटो घराघरांत पडून आहेत. ते गोळा करून एखाद्या खोलीत नीट मांडले, तरी शाळेतल्या पोरांना आपलं गाव कशावर उभं राहिलं ते कळेल.

आषाढी जवळ आली की कुर्डुवाडीचा फलाट आजही भरतो. टाळ, पताका, पिशव्या घेतलेली माणसं मोठ्या गाडीतून उतरतात आणि पंढरपूरची गाडी कुठं लागणार म्हणून विचारतात. ती गाडी दाखवणारा हात अजून इथं हजर आहे.