सैनिकाचा घटस्फोट

गणवेश अंगावर चढला म्हणून विवाहाचा कायदा बदलत नाही. हिंदू जवानाच्या घटस्फोटाचा निर्णय १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यान्वये न्यायालयच देते. पलटणीचा अधिकारी नव्हे. पती सीमेवर असला, तरी आनेकल येथे राहणाऱ्या पत्नीस २००३ च्या दुरुस्तीमुळे आपल्या वास्तव्याच्या हद्दीतील न्यायालयात अर्ज करता येतो. युद्धसेवेतील जवानाविरुद्धचा दावा मात्र १९२५ च्या कायद्यान्वये तहकूब होऊ शकतो. पोटगीचा प्रश्न अधिक बिकट आहे. १९५० च्या सेना अधिनियमाच्या कलम २८ नुसार शस्त्रांप्रमाणेच सैनिकाच्या वेतनावरही दिवाणी न्यायालयास जप्ती आणता येत नाही. परंतु कलम ९० व ९१ अन्वये केंद्र सरकार किंवा विहित लष्करी अधिकारी पत्नी व अपत्यांच्या निर्वाहासाठी वेतनातून कपात करवू शकतात. म्हणून न्यायालयाबरोबरच लष्कराकडेही पत्नीने अर्ज करणे इष्ट ठरते.