‘अशक्तपणा आलाय’ म्हणून भागत नाही. ताठरतेची तक्रार डॉक्टरांना नीट सांगा

बेळगाव : दवाखान्यात डॉक्टरांसमोर बसल्यावर बरेच पुरुष एवढंच म्हणतात, ‘डॉक्टर, जरा अशक्तपणा आलाय.’ डॉक्टर टॉनिक लिहून देतात, पेशंट घरी येतो आणि खरी तक्रार पोटातच राहते. संबंधाच्या वेळी लिंगाला ताठरता येत नाही किंवा आली तरी टिकत नाही, ही ती तक्रार.

दमणूक, टेन्शन किंवा दारूमुळे एखाद्या वेळी असं झालं तर तो आजार नव्हे. पण तीन महिने हेच चालू असेल तर डॉक्टरांना दाखवायला हवं.

हृदयाचा आधीच मिळणारा इशारा

लिंगाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या साधारण १ ते २ मिलिमीटरच्या असतात, तर हृदयाच्या ३ ते ४ मिलिमीटरच्या. चरबी साठून वाहिन्या अरुंद व्हायला लागल्या की आधी बारीक वाहिनीला त्रास होतो. म्हणूनच काहींना छातीत दुखायच्या दोन-चार वर्षं आधी ही तक्रार सुरू होते. शुगर वाढलेली असेल तर नसा आणि रक्तवाहिन्या दोन्ही खराब होतात. शुगर असल्याचं काहींना याच तपासणीत पहिल्यांदा कळतं.

निपाणी भाग तंबाखूचा. बिडी-सिगारेट या वाहिन्यांचं थेट नुकसान करते. व्यसन सोडायला मदत हवी असेल तर १८०० ११ २३५६ या सरकारी क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.

काय आणि कसं सांगायचं?

आत गेल्यावर पहिलंच वाक्य हे असू द्या : ‘डॉक्टर, संबंधाच्या वेळी ताठरता येत नाही. चार महिने झाले.’ पुढचे प्रश्न डॉक्टरच विचारतात. त्रास अचानक सुरू झाला की हळूहळू? पहाटे झोपेतून उठताना ताठरता येते का? शुगर, बीपी आहे का? कुठल्या गोळ्या चालू आहेत? बिडी, दारू किती? घरात काही ताण?

पहाटे ताठरता येत असेल आणि त्रास अचानक सुरू झाला असेल तर कारण मनावरच्या ताणात असू शकतं. हळूहळू वाढलेला त्रास बहुतेक वेळा शरीरातला असतो. मग बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल आणि गरज पडली तर सकाळी टेस्टोस्टेरॉन तपासतात. सुरुवात नेहमीच्या डॉक्टरांपासून करा. लागलं तर ते युरॉलॉजिस्टकडे पाठवतात.

सीमाभागात भाषेचीही अडचण येते. डॉक्टर कन्नड बोलणारे असले की पुतण्याला नाहीतर मेव्हण्याला दुभाषी म्हणून नेतात आणि त्याच्यासमोर तोंड उघडत नाही. अशा वेळी एकट्यानं जा, ‘सेक्सची अडचण आहे’ एवढं म्हटलं तरी डॉक्टरांना कळतं. तेही जमत नसेल तर कागदावर लिहून पुढे करा. बेळगावला जा नाहीतर कोल्हापूरला, जुने रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. बायकोला विश्वासात घेतलं तर निम्मा ताण कमी होतो.

मित्रानं दिलेली गोळी घेऊ नका

सिल्डेनाफिल, टाडालाफिल या गोळ्या बऱ्याच जणांना उपयोगी पडतात, पण डॉक्टरांच्या चिठ्ठीनंच. हृदयासाठी सॉर्बिट्रेटसारखी नायट्रेटची गोळी चालू असेल तर दोन्ही मिळून बीपी एकदम खाली जातं, जिवावर बेतू शकतं. ‘जडीबुटी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांतही हेच औषध मिसळलेलं सापडलं आहे. गोळी घेतल्यावर छातीत दुखलं तर दवाखान्यात गोळीचं नाव आधी सांगा. ताठरता ४ तासांपेक्षा जास्त राहिली तर लगेच इमर्जन्सीत जा. आणि बीपीच्या गोळीमुळे हे होतंय असं वाटलं तरी ती स्वतःहून बंद करू नका, डॉक्टर ती बदलून देऊ शकतात.

मराठीत हे बोलणं नवं नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये सुरू केलेल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरं छापून यायची. त्यावरून १९३४ मध्ये खटला झाला, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूनं कोर्टात उभे राहिले. आज तर दवाखान्याचं दार लावून, एकाच माणसाला सांगायचं आहे.