कळ कुठवर जाते?

‘‘कळ कुठवर जाते ते बोटानं दाखवा, काका.’’

एसटीचालक काका डाव्या कुल्ल्यावर बोट ठेवतात. बोट मांडीच्या मागून पोटरीत उतरतं, घोट्याच्या बाहेरून वळतं आणि करंगळीपाशी थांबतं. टेबलावरच्या कागदावर माणसाची आकृती छापलेली आहे. फिजिओथेरपिस्ट मॅडम तिच्यावर लाल पेनानं तीच वाट काढतात आणि कोपऱ्यात तारीख टाकतात. डावा पाय म्हणजे क्लचचा पाय. तीन आठवडे काका रजेवर आहेत.

पुण्याच्या एका उपनगरातलं हे पहिल्या मजल्यावरचं क्लिनिक. चार पलंग, मधे पडदे, भिंतीला आरसा. कोण कठड्याला धरून जिना चढतं, कोण मधेच थांबतं, हे मॅडम दारातून पाहतात, त्यामुळे तपासणी खरं तर जिन्यातच सुरू होते. पायात उतरणाऱ्या या कळेला कुणी सायटिका म्हणतं, कुणी ‘नस दबली’ म्हणतं, तर कुणी ‘गादी सरकली’. आयुर्वेदात तिला गृध्रसी म्हणतात. दोन मणक्यांमधली चकती फाटून मज्जातंतूच्या मुळाला टेकते, मुळाला सूज येते आणि दुखणं कमरेपेक्षा पायातच जास्त जाणवतं. चकतीचं आणि या कळेचं हे नातं बॉस्टनच्या मिक्स्टर आणि बार यांनी १९३४ मध्ये ठामपणे मांडलं.

काका उताणे झोपतात. गुडघा ताठ ठेवून मॅडम त्यांची टाच सावकाश वर उचलतात. चाळीस अंशांवर काका पलंगाची कड घट्ट पकडतात. ही चाचणी लासेग या फ्रेंच डॉक्टरांच्या नावानं ओळखली जाते, पण सर्बियाच्या लाझारेविच यांनी १८८० मध्येच तिचं वर्णन लिहिलं होतं. मग टाचेमागच्या शिरेवर हातोडी. उजवं पाऊल टुणकन हलतं, डावं जेमतेम. चवड्यांवर उभं राहायला सांगितलं की डावी टाच लवकर खाली येते. शेवटी मॅडम आवाज उतरवून विचारतात, ‘‘लघवीला त्रास? बसायच्या जागेला बधिरपणा? चप्पल पायातून निसटते आणि कळत नाही, असं झालंय?’’ यातल्या एकाचंही उत्तर ‘हो’ आलं तर इथला व्यायाम थांबतो आणि रुग्णाला त्याच दिवशी सर्जनकडे पाठवलं जातं. हे प्रश्न प्रत्येकाला, प्रत्येक वेळी विचारले जातात. क्लिनिकमधल्या सगळ्या यंत्रांपेक्षा ही तीन वाक्यं मोलाची आहेत.

‘‘मॅडम, वजन लावणार ना? आमच्या डेपोतल्या एकाला लावलं होतं.’’

वजन म्हणजे ट्रॅक्शन. कमरेला पट्टे बांधून यंत्रानं मणके ताणायचे. ते टेबल इथंही आहे, बहुतेक वेळा मोकळं. २०१३ च्या कोक्रेन आढाव्यात ३२ चाचण्या आणि २,७६२ रुग्णांचे निष्कर्ष एकत्र तपासले गेले. कंबरदुखीत, मग कळ पायात उतरलेली असो वा नसो, ट्रॅक्शननं दुखण्यात किंवा हालचालीत फारसा फरक पडत नाही, असं त्यातून दिसलं. ताण चालू असताना बरं वाटतं. टेबलावरून उठून माणूस जिन्यापर्यंत पोचेतो दुखणं परत येतं, हा मॅडमचाही अनुभव.

शेजारच्या पलंगावर एका तरुणाच्या कमरेला चार पॅड लावले आहेत. लोक याला ‘करंट’ म्हणतात. साधारण ४,००० हर्ट्झचे, एकमेकांहून किंचित वेगळे दोन प्रवाह शरीरात एकत्र येतात आणि त्यांच्या फरकातून मुंग्यांसारखी लय तयार होते. स्पर्शाच्या संवेदना मज्जारज्जूतच दुखण्याचा रस्ता अडवतात, हे मेल्झॅक आणि वॉल यांचं १९६५ चं सूत्र अशा उपचारांमागे आहे. ब्रिटनच्या नाइस या संस्थेनं २०१६ मध्ये कंबरदुखी आणि सायटिकासाठी करंट, अल्ट्रासाउंड, ट्रॅक्शन यांपैकी काहीही देऊ नये असं सांगितलं. मॅडम तरी कधीमधी पंधरा मिनिटं करंट देतात, तेवढ्या वेळात स्नायू सैलावले तर पुढचा व्यायाम करता यावा म्हणून. नुसता करंट घेऊन घरी जायची मात्र इथं मुभा नाही. हा आग्रह योग्यच आहे. दहा सिटिंगचे पैसे मोजून रुग्णाला स्वतः काहीच करता येऊ नये, हे बरोबर नाही.

काकांना पालथं झोपवलं जातं. आधी नुसतं पडून राहायचं. दोन मिनिटांनी कोपरांवर यायचं. मग तळहात टेकून छाती वर, कंबर पलंगावर सैल. ‘‘कुल्ले आवळू नका. श्वास सोडा. दहा वेळा.’’ तिसऱ्या फेरीनंतर काका वैतागून म्हणतात, ‘‘कंबर जास्तच दुखायला लागली की!’’

‘‘आणि करंगळी?’’

काका क्षणभर गप्प. ‘‘करंगळीत नाहीये आत्ता. पोटरीपर्यंतच आहे.’’

मॅडम त्याच आकृतीवर दुसरी, आखूड रेघ ओढतात. कळ पायातून वर सरकून कमरेकडे गोळा होणं हे चांगलं लक्षण, मग कंबर थोडी जास्त दुखली तरी चालेल. न्यूझीलंडच्या वेलिंग्टनमध्ये १९५६ साली रॉबिन मॅकेन्झी या फिजिओथेरपिस्टकडे आलेला एक रुग्ण डोक्याकडची बाजू उंच असलेल्या टेबलावर चुकून पालथा पडून राहिला. त्या काळी अशा रुग्णाला मागे वाकवणं धोक्याचं मानत. मॅकेन्झी परत आले तेव्हा त्याची पायातली कळ गेली होती. त्या चुकीतून एक उपचारपद्धती उभी राहिली.

पण हाच व्यायाम पलीकडच्या आजोबांना सांगितला असता तर त्यांचा त्रास वाढला असता. सत्तरीचे आजोबा हातगाडीवर भाजी विकतात. शंभर पावलं चालले की दोन्ही पाय जड पडतात. कट्ट्यावर बसले किंवा गाडीवर ओणवे झाले की मोकळे होतात. त्यांच्या मणक्यांमधली नसांची वाटच अरुंद झाली आहे. मागे वाकलं की ती आणखी आवळते, पुढे वाकलं की मोकळी होते. त्यांना गुडघे छातीशी घ्यायला सांगितलंय, शिवाय सायकल. मोबाइलवर व्हिडिओ पाहून एकानं दुसऱ्याला व्यायाम का सांगू नये, ते या दोन पलंगांकडे पाहिलं की कळतं.

खिडकीपाशी बसलेल्या शिवणकाम करणाऱ्या ताईंचं दुखणं आठ महिन्यांचं. तीव्र कळ गेलीय, पण पाय लांब केला की मागून ओढ बसते. त्या स्टुलावर बसून गुडघा सरळ करतात तेव्हा मान वर नेतात. गुडघा मुडपतात तेव्हा हनुवटी खाली. परकराच्या नेफ्यात नाडी मागंपुढं सरकवावी तशी नस तिच्या वाटेत सरकते, ताणली जात नाही. ऑस्ट्रेलियाच्या डेव्हिड बटलर यांच्या १९९१ च्या पुस्तकानं हे तंत्र जगभर नेलं. काकांना ते आज दिलेलं नाही. सुजलेली नस इतक्यात छेडायची नाही.

काकांच्या आईनं त्यांना महिनाभर फळीवर झोपायला सांगितलंय. नेदरलँड्समध्ये सायटिकाच्या १८३ रुग्णांवर १९९९ मध्ये झालेल्या चाचणीत, दोन आठवडे अंथरुणात राहिलेले आणि जमेल तसे हिंडते-फिरते राहिलेले, दोघे बारा आठवड्यांनी सारखेच सुधारले होते: ८७ टक्के. ऑपरेशनचंही काकांनी विचारलं. त्याच देशात २००७ मध्ये २८३ रुग्णांची तुलना प्रसिद्ध झाली. लवकर ऑपरेशन झालेल्यांची कळ लवकर गेली, हे खरं. पण वर्षाअखेरीस दोन्ही गटांत सुमारे ९५ टक्के लोक बरे होते. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना मात्र अखेर ऑपरेशन करावं लागलं, तेही मॅडम लपवत नाहीत.

घरचा अभ्यास ठरतो: दर दोन-तीन तासांनी दहा वेळा. ‘‘ड्यूटीवर रुजू झालो की झोपू कुठं?’’ या प्रश्नावर मॅडम त्यांना उभ्यानं, कमरेवर हात ठेवून मागे वाकायला शिकवतात. प्रत्येक स्टँडवर गाडी लागली की उतरून पाच वेळा. सीटवर कमरेमागे गुंडाळलेला टॉवेल.

पाचव्या भेटीत लाल रेघ कुल्ल्यावरच थांबते. पाय पासष्ट अंशांपर्यंत उचलला जातो. हातोडी मारली तर पाऊल अजून मंदच हलतं. नसेला वेळ लागतो. काका भिंतीला बोटं टेकवून डाव्या पायावर उभे राहतात, टाच उचलतात, खाली आणतात. मॅडम मोजतात. सहाव्याला टाच अर्ध्यावर अडखळते, सातव्याला उठतच नाही. त्या कागदावर ‘६’ लिहितात, शेजारी उजव्या पायाचे ‘२०’. काका विचारतात, ‘‘सोमवारी साताऱ्याची फेरी घेऊ?’’

‘‘क्लच दाबायचाय त्याच पायानं,’’ मॅडम म्हणतात. ‘‘शुक्रवारी परत मोजू, मग सांगते.’’