चढणीचा मासा : सामन, पुलस आणि आपली मरळ



व्याख्यानमालेत संतवाङ्मय, इतिहास आणि राजकारण यांवर बोलायचे असते. मासळीवर काय बोलायचे, असे कोणाच्या मनात आले असेल तर त्यात नवल नाही. मी शाळा फार न शिकलेला माणूस. कामगारांच्या सभा भरवता भरवता जे वाचायला मिळाले आणि ज्यांचा जो धंदा त्यांच्या तोंडून जे ऐकायला मिळाले, तेवढीच माझी शिदोरी. पण तीस वर्षे मजुरीच्या प्रश्नात काढल्यावर एक गोष्ट मला पक्की कळली आहे. मजुरीचा प्रश्न शेवटी ताटातल्या घासाशी येऊन थांबतो, आणि नदीकाठच्या गरिबाच्या ताटात मासा हा फार जुना घास आहे.

अलीकडे नागपूर-मुंबईच्या मोठ्या हॉटेलांत ‘सामन’ नावाचा मासा मिळतो. कोणी त्याला साल्मन म्हणतात. हा मासा आपल्या देशाचा नव्हे. आपल्याकडे येतो तो बहुतेक नॉर्वेतून, बर्फात घालून. कोकण किनाऱ्यावरच्या रावसाला इंग्रज लोक ‘हिंदी सामन’ म्हणू लागले आणि ते नाव अजून चालते. पण रावस आणि सामन यांचे काही नाते नाही. रावसाचे मांस पांढरे, सामनचे केशरी-लाल. रावस उत्तम मासा आहे. त्याला दुसऱ्याचे नाव उसने घेण्याची गरज नाही.

मग खरा सामन कसा असतो? तो जन्मतो डोंगरातल्या थंड ओढ्यात, वाळू-गोट्यांत घातलेल्या अंड्यांतून. थोडा वाढला की नदीने समुद्रात जातो, तिथे काही वर्षे खाऊन पिऊन पुष्ट होतो, आणि अंडी घालायची वेळ आली की ज्या ओढ्यात जन्मला त्याच ओढ्यात परत येतो. आपल्या ओढ्याचे पाणी तो वासावरून ओळखतो, असे शास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे. नदीत शिरल्यावर तो जवळजवळ काही खात नाही. अंगावरच्या चरबीवर शेकडो कोस प्रवाहाविरुद्ध चढतो. पॅसिफिक महासागराच्या बाजूचे बहुतेक सामन अंडी घालून तिथेच मरतात. ॲटलांटिकचा सामन मात्र कधीकधी जगून पुन्हा समुद्र गाठतो.

खाणाऱ्याच्या दृष्टीने या जातींत मोठा फरक आहे, आणि त्याचे मूळ या चरबीतच आहे. शंभर ग्रॅम कच्च्या मांसात प्रथिने सर्वांत सारखीच, वीस ग्रॅमच्या आसपास. चरबीचे तसे नाही. चिनूक हा सर्वांत मोठा; त्यात ती सुमारे १० ग्रॅम, म्हणून तो तोंडात विरघळतो आणि महाग विकतो. कोहो त्याच्या खालचा, सुमारे ६ ग्रॅमचा. सॉकाय रंगाने गडद लाल, मांसाने घट्ट. गुलाबी सामन आणि चम हे सुमारे ४ ग्रॅमचे, स्वस्त; गुलाबी सामन डब्यात भरून गोरगरिबांत खपतो. तळ्यात किंवा समुद्रातल्या जाळीच्या पिंजऱ्यात पाळलेल्या ॲटलांटिक सामनमध्ये चरबी १३ ग्रॅमपर्यंत जाते. त्याचा केशरी रंगही चाऱ्यातून द्यावा लागतो. रानातल्या सामनला तो झिंग्यांच्या जातीच्या बारीक जिवांतून आपोआप मिळतो.

या डबाबंद माशाच्या मागे माझ्या धंद्याची एक गोष्ट आहे. अलास्काच्या कारखान्यांत मासा कापायला आणि डबे भरायला आधी चिनी, मग जपानी आणि पुढे फिलिपिनो मजूर नेत. त्यांना मालक नेमत नसे, ठेकेदार नेमत असे. हंगामाच्या शेवटी मजुरीतला मोठा वाटा त्याच्याच खिशात उरे. १९३३ साली सिॲटल येथे या फिलिपिनो मजुरांनी आपली संघटना काढली. १९३६ च्या डिसेंबरात तिचे अध्यक्ष आणि चिटणीस या दोघांना गोळ्या घालून मारण्यात आले. संघटना मात्र मेली नाही; ठेकेदारी तिने मोडून काढली. डब्यावर माशाचे चित्र असते, मजुराचे नसते, म्हणून हे सांगितले.

आता आपल्या घरी येऊ. मुकुटबनच्या शिवारात पडलेले पाणी ओढ्यानाल्यांनी पैनगंगेला जाते, पैनगंगा वर्धेला मिळते, वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते, आणि प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीत जाते. ही गोदावरी राजमहेंद्रीखाली बंगालच्या उपसागराला मिळते. तिथे आषाढ लागला, नदीला लाल पूर आला, की समुद्रातून एक चंदेरी मासा वर चढू लागतो. आंध्रातले लोक त्याला ‘पुलस’ म्हणतात. बंगालचा हिलसा तोच. मंगळसूत्र विकावे पण पुलस खावी, अशी तिकडे म्हणच आहे, आणि एकेक मासा हजारो रुपयांना जातो. हिलसा सामनच्या कुळातला नाही, पण त्याची रीत तीच : वाढायचे समुद्रात, अंडी घालायची नदीत. त्याची चवही तशीच, चरबीची. फक्त काटे मोजता येणार नाहीत इतके. म्हणून तिकडे तो मातीच्या भांड्यात मंद आचेवर शिजवून, रात्रभर मुरवून खातात. आपल्या शिवारातले पाणी ज्या नदीला जाते तिच्या तोंडाशी हा मेवा आहे, आणि आपल्यापर्यंत मात्र तो येत नाही. धवळेश्वरम् येथे सर आर्थर कॉटन यांनी १८५२ साली पुरा केलेला बंधारा त्याच्या वाटेत आहे. त्या बंधाऱ्याने लाखो एकर भात पिकवला, हे विसरून चालणार नाही; पण माशाची वाट त्याने अडवली, हेही खरे. गंगेवर १९७५ साली फराक्का बंधारा सुरू झाला, आणि पूर्वी प्रयागच्याही वर जाणारा हिलसा तिथे जवळजवळ दिसेनासा झाला.

पैनगंगेत आणि आपल्या तळ्यांत मग काय राहते? मरळ, वाम, शिंगाडा, झिंगे आणि बारीकसारीक मासळी. शिवाय तळ्यांत सोडलेले रोहू, कटला, मृगळ. चवीला मरळ पहिली. मांस पांढरे, घट्ट, काटे थोडे; हवेतून श्वास घेता येत असल्यामुळे ती बाजारात तासन्‌तास जिवंत राहते, म्हणून फसवणूक नाही. आजारातून उठलेल्याला तिचा रस्सा देण्याची पद्धत आहे. वाम चवदार. मधला काटा काढला की खायला सोपी. रोहू गोडसर, पण मांसात दुफाटी काटे. शंभर ग्रॅमला प्रथिने सुमारे १७ आणि चरबी एकदोनच ग्रॅम. कटल्याचे डोके घ्यावे, मृगळाचे काटे सोसावेत. पण गरिबाच्या दृष्टीने मी सर्वांत वरचा नंबर बारीक मासळीला देईन. ती काट्यासकट खाल्ली जाते, त्यामुळे हाडांना लागणारा चुना पोराबाळांच्या पोटात जातो. सामनच्या मऊ तुकड्यातून तो तितका जात नाही.

रोहू-कटला स्वस्त कसे झाले, तेही थोडक्यात सांगतो. हे मासे बंद तळ्यात अंडी घालत नाहीत. त्यांना वाहत्या पुराचे पाणी लागते. त्यामुळे बीज नदीतून गोळा करून आणावे लागे. १० जुलै १९५७ रोजी ओरिसातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशाच्या मेंदूखालच्या ग्रंथीचा अर्क टोचून त्यांची पैदास करून दाखवली. आज गावोगावच्या तळ्यांत जे बीज पडते त्याचा उगम तिथे आहे.

नदीच्या माशाला मात्र इंजेक्शन द्यायला कोणी जात नाही. मृगाचा पहिला जोराचा पाऊस झाला, ओढ्याला गढूळ पाणी आले, की तो प्रवाहाविरुद्ध वर चढू लागतो. यालाच आपण चढण म्हणतो. कोकणात वलगण म्हणतात. सामनची चढण पाहायला माणसे समुद्र ओलांडून जातात आणि आपल्या ओढ्याची चढण आपण पोत्यात भरतो! पोरेसोरे, नोकरदार, सगळे कंदील-विजेऱ्या घेऊन मजा म्हणून निघतात, आणि पोटात अंडी असलेली मासोळी पाण्याच्या तोंडाशीच धरली जाते. मरळीचे तर आणखी वाईट. तिची पिले लालसर पुंजक्याने पाण्यावर फिरतात आणि आईबाप खाली पहारा करतात. तो पुंजका दिसला की जाणता माणूस गळ तिथेच टाकतो. आईबाप गेले की पिलांचे काय होणार, ते सांगायला नको.

भोई-ढिवरांच्या पोटावर पाय पडावा म्हणून मी हे बोलत नाही. उलट, ज्याचे वर्षभराचे पोट नदीवर आहे त्याला मुद्दल आणि व्याज यांतला फरक आपल्यापेक्षा चांगला कळतो. मुद्दल खातो तो हौशी, आणि विष घालतो तो लुटारू. सुरुंग लावून किंवा विष कालवून मासे मारण्याला १८९७ च्या कायद्यापासून बंदी आहे; कायदा सव्वाशे वर्षांचा झाला, मेलेले मासे अजून तरंगतात. कोळसा, सिमेंट आणि चुना यांचे धंदे आपल्या भागाला भाकरी देतात, त्यांच्या मजुरांचा मी माणूस आहे. तरी म्हणतो, कारखान्याचे पाणी स्वच्छ करूनच ओढ्यात सुटले पाहिजे, कारण त्याच मजुराचा भाऊ खाली जाळे टाकून बसलेला असतो.

नदीवर हक्क कोणाचा, हा प्रश्न अमेरिकेतही निघाला. कोलंबिया नदीवरचा सेलिलो धबधबा, जिथे आदिवासी हजारो वर्षे सामन धरीत, तो १० मार्च १९५७ रोजी धरणाखाली बुडाला. पण १९७४ साली न्यायमूर्ती बोल्ट यांनी वॉशिंग्टन राज्यातल्या आदिवासींच्या बाजूने निकाल दिला : जुन्या करारांप्रमाणे धरता येण्याजोग्या माशांचा निम्मा वाटा त्यांचा. आणि २०२४ साली क्लामथ नदीवरची चार धरणे काढून टाकली, तेव्हा त्याच वर्षीच्या हिवाळ्यापूर्वी सामन पुन्हा वर चढलेला लोकांनी पाहिला. वाट मोकळी झाली की मासा येतो.

आपल्याला धरणे पाडायची नाहीत. आपल्याला करता येण्यासारख्या गोष्टी साध्या आहेत. पहिल्या दोन-तीन पुरांचा मासा वर जाऊ द्यावा. मरळीच्या पुंजक्यावर गळ टाकू नये. तळ्यांचा ठेका काठावरच्या मासेमारांच्या सहकारी संस्थेला मिळावा, बाहेरच्या दलालाला नव्हे. आणि विष घालणाऱ्याचे नाव ग्रामसभेत उघड घ्यावे. एवढे केले तर नॉर्वेचा मासा परवडत नाही याचे दुःख कोणाला राहणार नाही. श्रावण संपल्यावर आपल्याच ओढ्याची मासळी आपल्या चुलीवर शिजेल.