सायकलीवरून अजिंठा

छत्रपती संभाजीनगरपासून अजिंठ्याची लेणी सुमारे 100 किलोमीटर. आम्ही सोबत्यांनी हा प्रवास सायकलीने केला. पहिला मुक्काम सिल्लोडला. दुसऱ्या दिवशी अजिंठा गाव गाठले. तिथून फर्दापूरकडे घाट उतरतो.

चढावर दम लागतो. पण खरा धोका उतारावर. म्हणून आधी ब्रेक तपासावेत. ब्रेक सारखा दाबून धरू नये. त्याने रबर तापते अन् पकड सुटते. दोन्ही ब्रेक थोडे थोडे, सोडून सोडून दाबावेत. वळणाआधीच वेग कमी करावा. आमच्यातल्या एकाने ऐकले नाही. गुडघा फुटला, लेणी राहिली.

सोमवारी लेणी बंद असतात, हे ध्यानात ठेवा. परतताना हाच घाट चढायचा आहे. सायकल हातात धरून चाललात, तरी त्यात कमीपणा नाही.