मेंढरांनी लावलेला खुनाचा छडा

सकाळची वेळ. आयर्लंडच्या समुद्रकाठचे एक हिरवेगार कुरण. गवतात जॉर्ज नावाचा मेंढपाळ मरून पडला आहे आणि त्याच्या अंगात चक्क फावडे रुतले आहे! भोवती साक्षीदार उभे आहेत. पण ते आहेत त्याचीच मेंढरे. ज्याने आपल्याला रोज चारले, त्याला कोणी मारले, हे शोधून काढायचेच असा ती निश्चय करतात.

लिओनी स्वान या जर्मन लेखिकेची ‘ग्लेनकिल’ ही कादंबरी 2005 साली प्रसिद्ध झाली. ॲस्टेरिक्सच्या चित्रकथा इंग्रजीत आणणाऱ्या अँथिया बेल यांनीच हिचेही भाषांतर केले. रहस्यकथा म्हटली की आपल्याला बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार आठवतो. पिस्तुले, पाठलाग, वेषांतरे! येथे त्यातले काहीच नाही. ही जात निराळी. लहानसे गाव, एकमेकांना पुरते ओळखणारी माणसे, एक खून, आणि पोलिसांपेक्षा चौकस असा कोणीतरी घरगुती गुप्तहेर. अगाथा ख्रिस्तीबाईंची मिस मार्पल ही या जातीची आद्य आजीबाई. म्हणूनच कळपातल्या सर्वांत हुशार मेंढीचे नाव मिस मेपल आहे, हे वाचून मला हसू फुटले.

बाकीची मंडळीही पाहण्यासारखी आहेत. मॉपल नावाचा लठ्ठ मेंढा सदा चरत असतो, पण एकदा ऐकलेले कधी विसरत नाही. कळपाचा म्होरक्या सर रिचफील्ड याची स्मृती मात्र म्हातारपणामुळे दगा देऊ लागली आहे आणि ते कोणाला कळू नये म्हणून त्याची धडपड चाललेली असते. (असे म्होरके आपल्याही ओळखीचे असतात!) काळा, चार शिंगांचा ऑथेल्लो बाहेरचे जग पाहून आलेला.

मेंढरांची ही स्मरणशक्ती निव्वळ कल्पना समजू नका बरे का. केंब्रिजजवळच्या बाब्राहम संस्थेतील शास्त्रज्ञांनी 2001 साली दाखवून दिले की, मेंढी इतर 50 मेंढ्यांचे चेहरे दोन वर्षांहून अधिक काळ लक्षात ठेवू शकते. मला शेजारच्या इमारतीतली दहा माणसेही ओळखता येत नाहीत.

खरी गंमत आहे ती मेंढरांच्या तर्कात. त्यांना माणसांचे शब्द कळतात, पण व्यवहार कळत नाही. गावच्या पाद्रीबुवांनाच ती देव समजतात! बरे, हे शब्द तरी ती शिकली कोठे? जॉर्ज त्यांना पुस्तके वाचून दाखवीत असे. प्रेमकथा झाल्या, मेंढ्यांच्या रोगांवरचे पुस्तक झाले. एक रहस्यकथाही त्याने सुरू केली होती. पण कंटाळून ती अर्ध्यावरच टाकून दिली. त्यामुळे खुनाचा तपास करू निघालेल्या या बिचाऱ्यांना रहस्यकथेचा शेवट कसा असतो तेच ठाऊक नाही!

दुपारची कामे आटोपली की मी ही गोष्ट सासूबाईंना मराठीत सांगत असे. मामंजी गेल्यापासून त्यांचे वाचनातून मन उडाले होते. पहिले दोन दिवस त्या नुसत्या वाती वळीत बसल्या. तिसऱ्या दिवशी एकाएकी म्हणाल्या, “अगं, कोणी मारलं ते कळेल पुढं. पण त्या मेंढरांना आता सांभाळणार कोण?”

मी पुस्तक मिटून त्यांच्याकडे पाहतच राहिले. मी आपली पुरावे जुळवीत होते. कोणाला पैसा हवा होता, कोण रात्री कुरणात गेला होता. आणि मेंढरांचा प्रश्न ओळखला तो सासूबाईंनी! जॉर्जने त्यांना युरोपला न्यायचे कबूल केले होते. ते वचन आता कोण पाळणार? गावच्या खाटकाची भीती तर रोजचीच. पुढची सारी प्रकरणे मी त्या प्रश्नाच्या धाकाने वाचली.

शेवटी गावातल्या दारूच्या दुकानात हुशार मेंढ्यांची स्पर्धा भरते आणि आपली मंडळी तेथे पोहोचतात. तेथे काय घडते, हे मी सांगणार नाही. सासूबाईंनाही पूर्ण तीन दिवस ताटकळत ठेवले होते! पण लेखिकेने 2010 साली ‘गारू’ नावाचा पुढचा भाग लिहिला आणि त्यात हाच कळप फ्रान्समध्ये आहे, एवढे मात्र त्यांना लगेच सांगून टाकले.

“म्हणजे नेलं म्हणायचं कोणीतरी,” त्या म्हणाल्या, आणि वातींचे तबक बाजूला सारून मला विचारले, “ते दुसरं पुस्तक कधी आणतेस?”