जुन्या बरण्यांत ताजी फुले

परसात निशिगंध, शेवंती, डेलिया, झेंडू इत्यादी फुलझाडे अनेक घरी आढळतात. तथापि देवपूजा व वेणी यांपलीकडे त्यांच्या फुलांचा उपयोग सहसा केला जात नाही. देठासह कापून पाण्यात ठेविलेली फुले कित्येक दिवस टवटवीत राहतात. त्याकरिता विकतची फुलदाणी लागते असे मात्र नव्हे. फळीवर पडून असलेली लोणच्याची चिनी मातीची किंवा मुरंब्याची काचेची बरणी या कामास उत्तम होय.

कीटकनाशकाची रिकामी बाटली, ती दिसावयास कितीही सुबक असो, घरात आणू नये. धुतल्याने ती निर्धोक होत नाही. ग्रामपंचायत अधिकारी व सहायक कृषी अधिकारी यांनी ही गोष्ट गृहिणींना अवश्य समजावून सांगावी. लोणच्याच्या बरणीत मीठ व तेल यांचा अंश राहतो. तो गरम पाणी व धुण्याचा सोडा यांनी घासून काढावा आणि बरणी उन्हात वाळवावी.

फूल कापल्यानंतरही पाकळ्यांतून व पानांतून पाण्याचे बाष्पीभवन चालूच असते. ही तूट देठाच्या कापलेल्या टोकातून भरून निघावी लागते. टोकात हवा शिरली, अथवा पाण्यातील जंतूंमुळे तेथे बुळबुळीत थर जमला, की मार्ग बंद होतो व बरणीत भरपूर पाणी असूनही फूल माना टाकते. म्हणून फुले भल्या पहाटे धारदार चाकूने तिरकस कापावी व लगेच बादलीतील पाण्यात ठेवावी. बरणीत लावण्यापूर्वी देठाचे टोक पाण्याखाली धरून आणखी 2 ते 3 सेंटिमीटर कापावे. पाण्यात बुडणारी पाने काढून टाकावी, कारण ती प्रथम कुजतात. देठाचे टोक ठेचण्याची कित्येकांना सवय असते. त्याने कुजण्यास मदतच होते.

निशिगंधाचा दांडा खालची दोनतीन फुले उमलताच कापावा. ग्लॅडिओलसच्या खालच्या कळ्यांना रंग दिसू लागला की पुरे; मात्र कंद पोसण्यासाठी झाडावर निदान चार पाने राखावी. शेवंती, झेंडू व डेलिया पूर्ण उमलल्यावरच घ्यावी.

1 लिटर पाण्यात सुमारे 20 ग्रॅम साखर व अर्ध्या लिंबाचा रस घातल्यास कळ्या उमलण्यास साहाय्य होते. परंतु साखरेवर जंतूही पोसतात. त्यामुळे न बदललेल्या साखरपाण्यापेक्षा रोज बदललेले साधे पाणी केव्हाही बरे.

मांडणीचे फार अवडंबर नको. उंच दांडे मध्ये, जड फुले बरणीच्या तोंडाशी व एकंदर उंची बरणीच्या सुमारे दीडपट ठेवावी. तोंड रुंद असल्यास आत दोन काड्या आडव्या अडकवाव्या. बरणी उन्हात, तसेच पिकणाऱ्या केळ्यांच्या किंवा आंब्यांच्या अढीजवळ ठेवू नये. पिकत्या फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने पुष्कळ जातींची फुले लवकर कोमेजतात. कण्हेर विषारी आहे आणि ती ठेविलेले पाणीही विषारी बनते, म्हणून मुलांच्या घरी ती बरणीत लावू नये.

डेंग्यूचा प्रसार करणारे एडिस डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतात. त्यांची अंडी पाण्याच्या पातळीलगत भांड्याच्या आतल्या बाजूस चिकटतात आणि कोरडी पडूनही महिनोन्‌महिने जिवंत राहू शकतात. तेव्हा नुसते पाणी ओतून देणे पुरेसे नाही. आठवड्यातून एकदा तरी बरणी आतून काथ्याने घासावी व ते पाणी गटारात न टाकता कोरड्या जमिनीवर ओतावे.